कॅमेरा चालूच होता

५ जून २०१२, मंगळवार. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं अँडरसन, आणि तिथलं मॅडिसन काउंटीचं न्यायालय. तुम्ही अगदी मागच्या बाकावर बसला आहात. शेजारच्या वार्ताहरांना तुमचा पत्ता नाही, दाराशी उभ्या शिपायालाही नाही. तुम्हाला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. बोलता मात्र येत नाही, कुणाचा हात धरता येत नाही. या प्रवासाची एवढी एकच अट आहे. ती लक्षात ठेवा, कारण पुढे एका खोलीत ती तुम्हाला फार जड जाणार आहे.

न्यायाधीशांसमोर उभी असलेली मुलगी बावीस वर्षांची आहे. अँबर पोर्टवुड. एमटीव्ही वाहिनीच्या ‘टीन मॉम’ या कार्यक्रमामुळे देशभरची माणसं तिला नुसत्या पहिल्या नावानं ओळखतात. या दालनात रोज माणसं येतात ती तुरुंग टाळण्यासाठी. वकील विनवण्या करतात, आया रडतात, तारखा मागितल्या जातात. अँबर आली आहे ती तुरुंग मागायला. पाच वर्षांची शिक्षा आधीच ठरलेली आहे, पण ती तिच्या डोक्यावर टांगून ठेवलेली आहे. न्यायालयाच्या देखरेखीखालचा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम तिनं नीट पार पाडला तर आत जावंच लागणार नाही. आणि ती सांगते आहे की हा कार्यक्रम मला झेपत नाही, त्यापेक्षा मला आत पाठवा. न्यायाधीश पाठवतात. पाच वर्षं.

घरी साडेतीन वर्षांची मुलगी असलेली आई असं का मागते? बाकावर बसून याचं उत्तर मिळणार नाही. उठा. आपल्याला मागं जायचं आहे, आणि आधी तिच्या घरी जायचं नाही.

१९७० च्या दशकातली एक दुपार. पाळी बदलायची वेळ झाली आहे आणि तुम्ही डेल्को रेमीच्या फाटकाशी उभे आहात. १८९६ मध्ये रेमी नावाच्या दोन भावांनी या गावात विजेच्या उपकरणांचं काम सुरू केलं, पुढे तो धंदा जनरल मोटर्सकडे गेला. आता इथे गाड्यांचे स्टार्टर आणि जनित्रं बनतात, पलीकडे गाइडच्या कारखान्यात गाड्यांचे दिवे बनतात. भोंगा होतो आणि माणसांचा लोंढा बाहेर येतो. १९७० च्या जनगणनेत या गावाची वस्ती ७०,७८७ भरली, आणि त्यातली वीस हजारांहून जास्त माणसं एकट्या जनरल मोटर्सची चाकरी करतात. शाळा संपवून, किंवा अर्धवट सोडूनसुद्धा, अठराव्या वर्षी पोरगा इथे लागतो तो थेट निवृत्तिवेतन घेऊनच बाहेर पडतो. १९३६ च्या अखेरीस गाइडच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संप केला होता. त्यांची मुलं आणि नातवंडं आता चांगल्या पगाराची, आजारपणात विम्याचा आधार असलेली माणसं आहेत. संध्याकाळी ही माणसं ‘विगवॅम’मध्ये जातात. विगवॅम म्हणजे इथल्या हायस्कूलचं बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान. शाळेचं मैदान, आणि बसायला जागा जवळजवळ नऊ हजार. गावाचा आत्मविश्वास एवढा दांडगा की शाळेच्या पोरांचा खेळ बघायला गावातलं दर आठवं माणूस बसेल इतक्या खुर्च्या त्यांनी बांधून ठेवल्या.

आता भराभर पुढे चला, थांबण्यासारखं फारसं नाही. १४ मे १९९० ला अँबर जन्मते. ती चार वर्षांची असताना जनरल मोटर्स डेल्को रेमीचे विभाग विकायला काढते. गावाच्या कडेला घोड्यांच्या शर्यतींचं मैदान सुरू होतं. एकेक शेड बंद होते, मग पाडली जाते, मग मोकळ्या जागेत गवत वाढतं. २००० चं दशक संपेपर्यंत जनरल मोटर्सचा इथला संसार संपलेला असतो. शर्यतीच्या मैदानाला जोडून २००८ मध्ये जुगारघर उभं राहतं. २०१० च्या जनगणनेत वस्ती ५६,१२९ वर येते. २०११ मध्ये शाळेला खर्च परवडत नाही म्हणून विगवॅमलाही कुलूप लागतं.

वाटेत एका दवाखान्यात क्षणभर डोकावा. कंबर धरलेला एक मध्यमवयीन माणूस डॉक्टरांसमोर बसला आहे. कारखान्यात वीस-पंचवीस वर्षं वाकून काम केलेल्या कमरा या राज्यात घरोघर आहेत. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गातली वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिची सवय लागण्याचा धोका कमी, असं कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना सांगत फिरले. हे सांगणं दिशाभूल करणारं होतं, याची कबुली कंपनीनं २००७ मध्ये न्यायालयात दिली आणि साठ कोटी डॉलरच्या घरात दंड भरला. पण तोवर नुसती ही एक गोळी राहिली नव्हती, त्या जातीच्या सगळ्याच गोळ्या सैल हातानं लिहून दिल्या जात होत्या. २०१२ मध्ये, म्हणजे तुम्ही न्यायालयात बसला होता त्याच वर्षी, इंडियानात दर शंभर माणसांमागे अशा वेदनाशामकांच्या १०९ चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. राज्यात माणसं होती त्याहून चिठ्ठ्या जास्त. गोळ्या औषधाच्या कपाटात होत्या, आजीच्या पर्समध्ये होत्या, मित्राच्या खिशात होत्या. अँबरच्या व्यसनाचं सगळं खापर मी कारखान्यावर किंवा त्या कंपनीवर फोडणार नाही. त्याच गल्लीत वाढलेल्या कितीतरी मुलींनी गोळी तोंडात घातली नाही. पण ती वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेली, हे तिनं स्वतः पुढे सांगितलं आहे. आणि त्या मिळवायला तिला कुठल्या अंधाऱ्या गल्लीत जावं लागत नव्हतं.

२००८ चा उत्तरार्ध. शाळा सुटलेली, सतराव्या वर्षी गरोदर राहिलेली मुलगी, तिचा मित्र गॅरी शर्ली, आणि त्यांच्यामागे हिंडणारा एक कॅमेरा. ‘१६ अँड प्रेग्नंट’ या नव्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चाललं आहे. नोव्हेंबरमध्ये अँबरला मुलगी होते. तिचं नाव मी लिहीत नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. जून २००९ मध्ये कार्यक्रम सुरू होतो आणि त्यातल्या मेसी, फॅरा, केटलिन आणि अँबर या चौघींना घेऊन ८ डिसेंबर २००९ पासून ‘टीन मॉम’ सुरू होतो. कोवळ्या वयात आईपण आलं की आयुष्य कसं होतं ते मुलींना दिसावं, हा हेतू वाहिनी सांगत होती, आणि तो पोकळ होता असं मला म्हणवत नाही. मेलिसा कियर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला. ‘१६ अँड प्रेग्नंट’ सुरू झाल्यानंतरच्या दीड वर्षात किशोरवयीन मुलींची बाळंतपणं त्याच्यामुळे ५.७ टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इतर अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, तो वाद आजही मिटलेला नाही. तरीही एखादी तरी मुलगी हा कार्यक्रम बघून सावध झाली असेल, हे मी मानतो. माझा प्रश्न पडद्यासमोरच्या मुलीबद्दल नाही. पडद्यावरच्या मुलीबद्दल आहे.

आता ती खोली.

२०१० चं वर्ष आहे. अँडरसनमधलं एक साधं घर, सोफा, जमिनीवर खेळणी. अजून दोन वर्षांचंही न झालेलं मूल घरात आहे. भांडण चाललं आहे आणि अँबरचा आवाज चढत चालला आहे. मग तिचा हात उठतो. चापट. पुन्हा. मग बुक्के. गॅरी उलट हात उगारत नाही, अंग चोरून जिन्याकडे सरकतो, आणि मागून लाथ बसते. तुम्ही नकळत उठता. तोंड उघडता, आवाज फुटत नाही. हात पुढे करता, तो कुणालाच लागत नाही. अट तुम्हाला ठाऊकच होती.

म्हणून आता अँबरकडे बघू नका. जरा मान वळवा. खोलीत आणखीही माणसं आहेत. एकाच्या खांद्यावर कॅमेरा आहे. माईक धरणारे, ध्वनी तपासणारे, काय घडतंय त्याची नोंद ठेवणारे असे आणखी काहीजण अशा चित्रीकरणाला असतात. ही पगारी, जाणती, मोठ्या वयाची माणसं आहेत आणि त्यांच्यावर तुमच्यासारखी कुठलीही अट नाही. ती बोलू शकतात. मध्ये पडू शकतात. मुलीला उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ शकतात. कॅमेरा खाली ठेवू शकतात. इंडियानाच्या कायद्यात तर अशी तरतूद आहे की मुलाची हेळसांड किंवा छळ होतो आहे असं ज्याला कुणाला वाटेल, त्यानं ते कळवलंच पाहिजे. ती जबाबदारी शिक्षक-डॉक्टरांपुरती नाही, प्रत्येक माणसावर आहे. जे पडद्यावर आलं त्यात मात्र लाथ बसेपर्यंत चित्र हललं नाही. चौकट नीट, उजेड नीट, आवाज स्वच्छ.

चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांच्यात काळ जातो. चित्रफीत संकलकाकडे जाते, कापली जाते, तिच्यावर संगीत चढतं, जाहिरातींच्या जागा ठरतात. या साऱ्या टप्प्यांवर कितीतरी डोळ्यांनी ती लाथ पाहिली. अँडरसनच्या पोलिसांनी चौकशी हाती घेतली ती हा प्रसंग देशभर दाखवला गेल्यावर, २०१० च्या शरदात. म्हणजे पोलिसांना ते समजलं, तेव्हा लाखो अनोळखी घरांना ते आधीच समजलेलं होतं.

त्या रात्री तुम्ही अमेरिकेतल्या कुठल्याही दिवाणखान्यात शिरा. काही जण हादरले आहेत. काही जण हसत आहेत. गॅरी अंगानं आडवा, अँबर त्याच्यापुढे लहानखुरी, आणि पुरुषानं बाईचा मार खाणं हा जगभर विनोदाचा विषय समजला जातो. हसणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही. मार खाणारा माणूस मोठ्या अंगाचा असला म्हणून मार लहान होत नाही. गॅरीनं हात उगारला नाही ही त्याची दुर्बलता नव्हती, त्या खोलीत कुणीतरी दाखवलेलं तेवढंच शहाणपण होतं. इंडियानाच्या कायद्यानं तरी हा भेद केला नाही. कौटुंबिक मारहाण सोळा वर्षांखालच्या मुलाच्या देखत झाली तर गुन्ह्याची पायरी चढते आणि तो गंभीर गुन्ह्यात मोडतो. नोव्हेंबर २०१० मध्ये अँबरवर आरोप ठेवले गेले, त्यातले दोन या गंभीर स्वरूपाचे होते. ते योग्यच झालं. तिच्या वयाकडे, व्यसनाकडे, गावाच्या दैन्याकडे बोट दाखवून ती मारहाण पुसता येत नाही, आणि मला पुसायचीही नाही.

त्याच डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या कागदपत्रांतून एक आकडा बाहेर येतो. सहा महिन्यांच्या करारापोटी अँबरला वाहिनीकडून १,४०,००० डॉलर मिळत होते. कारखाने उठून गेलेल्या त्या गावात हा पैसा किती होता, हे मघाशी गवत वाढलेल्या मोकळ्या जागा पाहून आलेल्या तुम्हाला मी सांगायला नको. शाळा न संपवलेल्या, गोळ्यांची तलफ लागलेल्या वीस वर्षांच्या मुलीच्या हातात ही रक्कम येत होती, आणि येत होती ती आयुष्य कॅमेऱ्यासमोर उलगडण्याबद्दल. शांतपणे भांडी घासणाऱ्या, वेळेवर झोपणाऱ्या, समुपदेशकाकडे नेमानं जाणाऱ्या मुलीचा भाग कोण बघणार? तिची कमाई तिच्या वाईट दिवसांवर उभी होती. बरं होणं हा तिच्यासाठी तोट्याचा व्यवहार ठरावा, अशी ती रचना होती. ती कुणी दुष्टपणे आखली असं मी म्हणत नाही. कुणाला आखावी लागली नाही, हेच तिच्याबद्दलचं सर्वांत वाईट आहे.

२०११ मध्ये मी तुम्हाला फार रेंगाळू देणार नाही. मुलीचा ताबा जातो. गुन्हा कबूल केला जातो, प्रोबेशन मिळतं. जूनमध्ये ती जीव द्यायचा प्रयत्न करते आणि वाचते. त्या दारात आपण उभं राहायचं नाही. मग कॅलिफोर्नियातल्या उपचारकेंद्रात काही काळ. डिसेंबरमध्ये पुन्हा अटक होते, यावेळी प्रोबेशनचे नियम मोडल्याबद्दल आणि गोळ्या बाळगल्याबद्दल. यातलं बरंचसं पडद्यावरही आलं. कॅमेरा अजून सोबत होता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालय तिला जी वाट देतं ती जरा थांबून समजून घ्या, कारण जूनमधल्या त्या मागणीची किल्ली इथे आहे. अमेरिकेतलं पहिलं ‘ड्रग कोर्ट’ १९८९ मध्ये मायामीला सुरू झालं. नशेपायी गुन्हा केलेल्यांना नुसतं डांबून उपयोग होत नाही, ती माणसं सुटतात आणि तिथेच परत येतात, हे पाहून थकलेल्या न्यायाधीशांनी आणि वकिलांनी काढलेली ही वाट. शिक्षा टांगून ठेवायची, आणि आरोपीला बाहेर ठेवून बांधून घालायचं. कधीही बोलावून लघवीची तपासणी. ठरल्या दिवशी न्यायाधीशांपुढे हजेरी. समुपदेशन, गटाच्या बैठका, काम किंवा शिक्षण. नीट वागलात तर शाबासकी, चुकलात तर चार-आठ दिवस कोठडी. आणि फारच चुकलात तर ती टांगलेली शिक्षा खाली येते. या पद्धतीनं पुष्कळ माणसं सावरली आहेत, तिच्याविषयी मला आदर आहे. पण त्या काळात तिच्यात एक मोठी खोट होती. अफूवर्गातली नशा सुटताना शरीर पिळवटतं, व्यसनी मंडळी त्याला टर्की म्हणतात. हाडं ठणकतात, उलट्या होतात, रात्रभर डोळा लागत नाही. ती टर्की आणि नंतर महिनोन्महिने उसळणारी तलफ आटोक्यात ठेवायला मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. ती घेणाऱ्यांचे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालेलं आहे. तरी त्या वर्षांत अमेरिकेतली अनेक ड्रग कोर्टं ही औषधं चालू देत नव्हती. औषध घेणं म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं, अशी समजूत होती. अशी औषधं नाकारणाऱ्या ड्रग कोर्टांना केंद्राचा निधी मिळणार नाही, असं अमेरिकी सरकारनं जाहीर केलं ते २०१५ मध्ये. मधुमेह्याला इन्सुलिन न देता साखर ताब्यात ठेवायची शिस्त लावावी आणि ती वाढली की कोठडी दाखवावी, असं ते चाललं होतं.

अँबरसाठी यात आणखी एक भर होती. तपासणीला जाताना, न्यायालयातून बाहेर येताना, घरी परतताना तिला बघणारे डोळे. इतर कुणाची घसरण न्यायाधीश, समुपदेशक आणि घरची माणसं यांच्यापुरती राहते. तिच्या घसरणीचा पुढच्या हंगामात एक भाग व्हायचा. वसंत ऋतूत ती पुन्हा नियम मोडते. आणि मग ५ जूनला ती त्या दालनात उभी राहते.

तिच्या मनात नेमकं काय होतं ते मी ठरवणार नाही. काहींनी त्याला पळपुटेपणा म्हटलं: बैठका, तपासण्या, रोजची शिस्त नको म्हणून तिनं भिंती मागितल्या. असेलही. पण एवढ्या प्रवासानंतर तुम्ही मागच्या बाकावरून पाहा. करार, पैसा, गोळ्या, ओळखीचे चेहरे आणि कॅमेरा या सगळ्यांपासून एकाच वेळी तिला दूर ठेवू शकेल अशी एकच इमारत तिच्या माहितीत होती. बावीस वर्षांच्या मुलीला शांत जागा हवी आणि ती जागा तुरुंगच निघावी, यात तिच्याइतकंच तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांचं अपयश आहे.

रॉकव्हिल. इंडियानाच्या पश्चिमेला, इलिनॉयच्या सीमेकडे. हा पार्क काउंटीचा परिसर छपराच्या जुन्या लाकडी पुलांसाठी प्रसिद्ध आहे, असे तीसहून जास्त पूल इथे आहेत आणि शरदात ते बघायला पर्यटक येतात. तुम्ही मात्र कुंपणाशी येता. एकेकाळी हे हवाई दलाचं रडार केंद्र होतं, आता हा बायकांचा तुरुंग आहे. उठायची वेळ ठरलेली, मोजणीची वेळ ठरलेली. इथे गोळ्यांपासून तुटलेल्या, पोरांपासून तुटलेल्या बायका भरल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींची नावं बाहेर कुणालाच ठाऊक नाहीत. अँबर इथे अर्धवट राहिलेलं शालेय शिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळवते, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा करते. ती आत आल्यानंतर त्याच महिन्यात ‘टीन मॉम’चा चौथा हंगाम सुरू होतो. आणि ती आत असतानाच तिची मुलाखत घ्यायला वाहिनीचा कॅमेरा इथेही येतो. डॉक्टर ड्रू पिन्स्की प्रश्न विचारतात. कुंपण तारेचं होतं, पण त्या कॅमेऱ्याला ते अडवू शकलं नाही.

४ नोव्हेंबर २०१३, सोमवार. सतरा महिन्यांनी ती सुटते. इंडियानात तेव्हा चांगल्या वागणुकीच्या प्रत्येक दिवसाला एक दिवस सूट मिळे, शिवाय शिक्षण आणि उपचार पुरे केल्याची सूट वेगळी. म्हणून पाच वर्षांची शिक्षा एवढी आटली. तुम्ही बाहेर उभे आहात. आता पुढचे चौदा दिवस मोजा. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनं मरण्याचा धोका इतर लोकांच्या तुलनेत १२९ पट आढळला. आत राहून शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. अँबर ते दोन आठवडे ओलांडते. पुढच्या वर्षी तिचं आत्मकथन प्रसिद्ध होतं, शाळांतून आणि व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांतून ती बोलते. हे तिचं कर्तृत्व आहे. ते तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये.

२०१५ मध्ये ‘टीन मॉम’ पुन्हा सुरू होतो आणि ती त्यात परत येते. आता एका गाडीत बसा. २०१७ चं वर्ष, तोच कार्यक्रम, टेनेसीकडचा रस्ता. सुरुवातीच्या चौघींपैकी एकीच्या मुलाचा बाप गाडी चालवतो आहे. त्याचं आज लग्न आहे. त्याच्या पापण्या मिटताहेत, मान झुकते आहे, शेजारी बसलेली नवरी त्याला हाका मारते आहे. मग ती समोर बसवलेल्या कॅमेऱ्याकडे हात नेते. कॅमेरा बंद करावा असं त्या गाडीत फक्त तिलाच सुचलं, आणि तेही झाकायला. वाहिनीनं ते सगळं हंगामाच्या शेवटच्या भागात दाखवलं. तोवर तो उपचारांसाठी दाखल झालेला होता. त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये कुणाची तरी मुलं बसलेली होती. अँडरसनच्या त्या खोलीनंतर सात वर्षं गेली होती.

शेवटचा थांबा २०१९. जुलैमध्ये अँबरला पुन्हा कौटुंबिक मारहाणीबद्दल अटक होते. यावेळी फिर्यादी तिचा नंतरचा जोडीदार आहे आणि घरात लहान मुलगा आहे. ऑक्टोबरमध्ये ती गुन्हा कबूल करते आणि ९०६ दिवसांचं प्रोबेशन मिळतं. मागच्या सुटकेचं कौतुक केल्यावर हे सांगायला जड जातं, पण न सांगणं लबाडी ठरेल. तुरुंगानं तिची नशा मोडायला वेळ दिला असेल. उठणारा हात कसा आवरायचा हे सतरा महिन्यांत शिकवून होत नाही.

तिच्या गुन्ह्यांची जबाबदारी तिची आहे, आणि कायद्यानं ती दोनदा तिच्या पदरात घातली. दुसऱ्या बाजूचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. असे कार्यक्रम अमेरिकेत बनतात तसे आपल्याकडेही बनतात, मराठीतही बनतात, आणि वाहिनीशी करार करायला बसणारी मुलं अठरा-वीस वर्षांचीच असतात. त्या करारात तीन कलमं हवीत आणि ती असल्याशिवाय सही होता कामा नये. कुणावर हात पडला, किंवा लहान मूल धोक्यात आलं, की चित्रीकरण तिथेच थांबलं पाहिजे आणि खोलीतल्या माणसांनी मध्ये पडलं पाहिजे. कोवळ्या वयातल्या मुलांच्या मानधनाचा मोठा भाग त्यांच्या हाती न देता विश्वस्तांकडे राहिला पाहिजे. आणि उपचार घेण्यासाठी कुणी कार्यक्रमातून बाहेर पडलं, तर त्या महिन्यांचे पैसे चित्रीकरणाच्या महिन्यांइतकेच मिळाले पाहिजेत, एक डॉलर किंवा एक रुपयाही कमी नाही.